राजावर कोण?

शिवथरच्या खोऱ्यात इतिहास शोधत कोठे जावे लागत नाही. तो डोक्यावरच उभा असतो. शाळेच्या पडवीतून सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्या माथ्यावर वरंधा घाट, घाटाच्या तोंडाशी कावळ्या किल्ला. घाट चढून पलीकडे गेले की भोर. उलट्या दिशेने बिरवाडीवरून खाली उतरले की महाड, आणि महाडच्या उत्तरेस रायगड. हा सारा मुलूख एके काळी जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, पाठोपाठ रायरी घेतली, आणि त्याच रायरीचा रायगड होऊन तेथे ६ जून १६७४ रोजी त्यांना राज्याभिषेक झाला.

अशा ठिकाणी मी मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे जे काही असेल ते कादंबऱ्या लिहिण्याच्या निमित्ताने केलेल्या वाचनाचे. चौथीच्या वर्गाला शिवछत्रपतींचा इतिहास शिकविताना गडाच्या बंदोबस्तापाशी मी दरवर्षी जरा रेंगाळतो. लढायांच्या गोष्टी मुले घरीही ऐकतात. बंदोबस्ताची गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

ही गोष्ट कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत आहे. प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सरनोबत आणि एक सबनीस. तिघे एका प्रतीचे. कोणी कोणाचा धनी नाही. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराच्या हाती. लोकांचा पहारा सरनोबताकडे. हजेरी आणि कागद सबनिसाच्या लेखणीखाली. दाणागोटा, तूप, दारूगोळा यांसाठी शिवाय कारखानीस. कारभार तिघांनी मिळून करायचा. हे अंमलदारही एका जातीचे नसत. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, अशी वाटणी असे. वेतन ठरलेले, आणि काही काळाने बदली.

याचे कारण मुलांच्याही ध्यानात चटकन येते. त्या काळी पुष्कळ किल्ले तोफांनी पडत नसत, फितुरीने पडत. एकट्या किल्लेदाराला शत्रूची थैली पोचली की रात्रीतून दरवाजा उघडे. तिघांना एकदम फितवणे मात्र कठीण. त्यातून तिघे एकमेकांवर नजर ठेवून असले तर अधिकच कठीण. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असे यावरून म्हणता येणार नाही. त्यांनी माणसावर विश्वास ठेवला. एकहाती सत्तेवर ठेवला नाही.

हे सारे मी एकदा रंगून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हवालदारावर सबनीस, सबनिसावर सरनोबत. मग राजावर कोण?”

मी म्हणालो, “राजावर देव.” वर्गाचे समाधान झाले. माझे झाले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले, तर ते कादंबरीतले वाक्य होईल. झोप लागली, पण पहाटे जाग आली ती एका जुन्या आठवणीने. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तिचे नाव येथे सांगत नाही. तेथे मुलांच्या पोषण आहाराचे तांदूळ येत. आलेल्या मालाच्या कागदावर तीन सह्या लागत: माल मोजणाऱ्याची, नोंद करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तिसरी सही माझी. मी वर्षभर कोठीचे दार न उघडता सही केली, कारण वर दोन सह्या होत्या. पुढे कळले की पहिले दोघे निर्धास्त होते ते खाली माझी सही होणार म्हणून. एके दिवशी पोती वजनाला लागली आणि ती कमी भरली. खिचडी पातळ होत चालली आहे हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. म्हणजे तीन सबनीस नेमूनही गडाचा दरवाजा उघडाच होता. त्या मुलाच्या प्रश्नाला दिलेले माझे उत्तर याच जातीचे होते; न पाहता केलेली सही.

तेव्हा पुन्हा नीट वाचायला बसलो. राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांचा कानुजाबता ठरला, त्यात प्रत्येकाचे काम वेगळे लावून दिलेले आहे. सेनापतीने सैन्य पाहावे, न्यायाधीशाने न्याय करावा, अमात्याने जमाखर्च पाहावा. सचिवाने राजपत्रे शोधावी, अधिकउणे अक्षर शुद्ध करावे. पत्रांवर संबंधित प्रधानांनी आपापले चिन्ह करावे. कागद एका हातून निघून थेट अमलात येऊ नये, ही गडावरचीच युक्ती येथे राजधानीत आली आहे.

परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे आठही प्रधान राजाने नेमायचे आणि राजानेच दूर करायचे. ते राजाचे हात होते, राजावरचा लगाम नव्हते. महाराजांनी स्वतःला आवरले, हा त्यांचा मोठेपणा. पण मोठेपणा हा काही कायदा नव्हे. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज गेले आणि पुढचा राजा कोण, हा प्रश्न उभा राहिला. तो कोणी सोडवायचा याचा नियमच नव्हता. अण्णाजी दत्तोंसारख्या प्रधानांनी राजारामांचे नाव पुढे केले, सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूला गेले, आणि निकाल बळावर लागला.

पुढे दुसरी गाठही सुटली. महाराजांनी पदे वंशपरंपरेने दिली नव्हती. शाहूमहाराजांच्या काळात ती घराण्यांत मुरली. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले, १७२० साली त्यांचा मुलगा बाजीराव, १७४० साली नातू नानासाहेब. कर्तबगार माणसे होती, यात वाद नाही. पण पद काढून घेता येत नाही असे झाले की त्या पदावरची नजर आपोआप खाली वळते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेवरील ग्रंथात या बदलावर नेमके बोट ठेवले आहे. आम्हा शिवथरकरांना त्याचा दाखला घाटापलीकडेच आहे. ज्या सचिवाचे काम राज्याची पत्रे शोधण्याचे, त्या पदावर राजाराममहाराजांच्या काळी शंकराजी नारायण आले, आणि त्यांचे वंशज १९४८ पर्यंत भोरचे राजे म्हणून नांदले. कागद तपासणारा स्वतःच संस्थानिक झाला. मग त्याचा कागद कोण तपासणार?

शिवराज्याभिषेकानंतर एकशे तेरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, साता समुद्रांपलीकडे फिलाडेल्फिया शहरी पंचावन्न माणसे नेमक्या त्या मुलाच्या प्रश्नावर बसली होती. इंग्लंडच्या राजाशी लढून ती मोकळी झाली होती. नवा राजा त्यांना नको होता, आणि राज्य तर चालवायचे होते. त्यांनी गडावरचीच तोड काढली, पण ती शेवटच्या पायरीपर्यंत नेली. कायदा काँग्रेसने करायचा. अध्यक्षाला तो नाकारता येतो. पण दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी पुन्हा उचलून धरला तर तो त्याच्याविनाही होतो. सैन्याचा सरसेनापती अध्यक्ष. पण युद्ध पुकारण्याचा अधिकार आणि खजिन्याची किल्ली काँग्रेसकडे. न्यायाधीश अध्यक्षाने सुचवायचे, सिनेटने संमती द्यायची. आणि एकदा नेमला की त्याला मर्जीप्रमाणे काढता येत नाही. शिवाय घटक राज्यांचे अधिकार वेगळे. म्हणजे तेथे हवालदारावर जशी नजर, तशीच राजाच्या जागी बसलेल्या माणसावरही.

ती नजर नुसती कागदावरची नव्हती, हे १९७४ साली दिसले. अध्यक्ष निक्सन यांनी आपल्या कचेरीतील संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की त्या दिल्या पाहिजेत. त्या आठांपैकी तिघे खुद्द निक्सन यांनीच नेमलेले होते. फिती द्याव्या लागल्या आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्षांनी पद सोडले.

तरीही या घटनेची आरती करावी असे मला वाटत नाही. सत्तेचे इतके बारीक वाटप करणाऱ्या त्याच पंचावन्न जणांच्या सभेत, प्रतिनिधींची संख्या ठरविण्यासाठी गुलाम माणूस तीनपंचमांश मोजावा, असे ठरले. वाटप झाले ते मोजल्या गेलेल्या माणसांपुरते. जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी कोणत्याच खात्याचे दार उघडे नव्हते. ते उघडायला यादवी युद्ध व्हावे लागले.

आणि येथे मला पुन्हा महाडास यावे लागते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशाने चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन सह्या झाल्या. पाणी मात्र होते तेथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ते पाणी प्यायली. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. तळे खाजगी मालकीचे आहे असे सांगून विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो माणसे पुन्हा महाडास जमली होती, मने तापली होती. आंबेडकरांनी मनाईहुकूम पाळला. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे मिरवणूक तळ्यावरून गेली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. ज्याला कायद्याने आजवर काहीच दिले नव्हते, त्याने कायद्याची मर्यादा राखली. ती का राखली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उद्या हाच लगाम दुसऱ्याच्या तोंडात घालायचा असेल, तर आज तो आपण तोडून चालत नाही, एवढेच मला उमगते. दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. पाणी प्यायल्या दिवसापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. एका ओंजळीला दहा वर्षे लागली, हाही सत्तेच्या वाटपाचाच एक चेहरा आहे. तो लपवू नये.

पुढे याच माणसाच्या अध्यक्षतेखाली भारताच्या घटनेचा मसुदा झाला. न्यायखाते कारभारापासून वेगळे ठेवावे, असे तीत सांगितले आहे. आणि मूलभूत हक्क डावलला गेला तर कोणाही माणसाला थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार वाजविता येते. २४ एप्रिल १९७३ रोजी त्या न्यायालयाने, सात विरुद्ध सहा अशा मतांनी, सांगितले की संसदेलाही घटनेचा मूळ पाया बदलता येणार नाही. राजाच्या जागी आलेल्या संसदेवर कोण, याचे उत्तर एका मताने मिळाले.

तो मुलगा आता महाडला हायस्कुलात जातो. सुट्टीत भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, “बाबा रे, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते.” तो प्रश्न विसरून गेला होता. मी त्याला तळ्यावर जाऊन यायला सांगितले. काठावर बसून कोणत्या साली काय झाले ते आठव, म्हणालो.

आमच्या शाळेत तांदूळ येतो त्या दिवशी मी ताणकाटा मागवतो. वरच्या दोन मुलांना जवळ बोलावून एकेक पोते वजन करून घेतो, आणि मग सही करतो. अर्धा तास मोडतो. गाडीवाला कुरकुरतो, “मास्तर, विश्वास नाही का?” मी म्हणतो, “तुझ्यावर आहे. माझ्या सहीवर नाही.”