निरगाठ

आठवीच्या वर्गात मी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना नेहमी शिपाई म्हणत आलो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, रक्त तर नदीसारखं धावतं. मग शिपाई नेमका काट्यापाशीच उतरतो कसा?" माझ्या मॅट्रिकच्या विद्येत याचे उत्तर नव्हते. मी त्याला दरडावून खाली बसवले. ते दरडावणे पुढे मलाच टोचू लागले, म्हणून शोधत बसलो.

1867 साली बर्लिनमध्ये तिशीही न गाठलेल्या युलियुस कोनहाइमने बेडकाच्या आतड्याचा पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. नुसत्या उघड्या हवेने त्याचा दाह सुरू झाला. तांबड्या पेशी मधल्या धारेतून वाहत होत्या. पांढऱ्या मात्र कडेला येऊन शिरेच्या भिंतीवरून गोट्यांसारख्या घरंगळू लागल्या, थबकल्या आणि काही तासांत भिंतीतून पार बाहेर पडल्या. पू होतो तो यांचाच, असे त्याने लिहिले. गुरू फिर्खो यांचे मत उलटे होते: पुवाच्या पेशी जागच्या जागीच जन्मतात. तरीही शिष्याचा लेख छापला गेला तो गुरूंच्याच नियतकालिकात! या गोष्टीपुढे मास्तर म्हणून माझी मान खाली जाते.

पण वाहत्या धारेत पेशीला धरून ठेवते कोण? शिरेच्या भिंतीवर सिलेक्टिन नावाचे रेणू आकड्यांसारखे उभे राहतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. त्यातही गंमत अशी, की प्रवाह मंदावला तर पकड घट्ट व्हावी असे आपल्याला वाटते; 1996 साली आढळले ते नेमके उलट. प्रवाह फार मंद झाला की पेशी सुटून जात. 2003 साली एकेका रेणूची पकड मोजली गेली, तेव्हा उलगडा झाला: ओढ वाढली की पकड अधिक वेळ टिकते. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. ही निरगाठीची जात.

यंदा वर्गात सुतळीचे दोन तुकडे घेऊन गेलो. गाठी ओढून दाखवल्या. लगेच एक हात वर आला, "सर, फारच जोरानं ओढलं तर?"

तुटते, मी म्हटले. 2003 च्या त्या मोजणीतही एका मर्यादेपुढे ती तुटतच होती.