राजधानीतील ऐतिहासिक स्थळे आणि आपण

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुले आता नोकरीनिमित्त दिल्लीस राहतात. त्यामुळे ज्यांनी कधी नर्मदा ओलांडली नव्हती अशा वडीलधाऱ्या मंडळींनाही राजधानीचे दर्शन घडू लागले आहे. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि दोन दिवस धावतपळत सर्व काही पाहून मथुरा-हरिद्वारची वाट धरावी, असाच बहुतेकांचा क्रम असतो. त्यांच्याकरिता हे चार शब्द.

आम्ही तेहतीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. दिल्लीच्या तख्तावर मराठ्यांचा वचक होता, हे वाक्य फळ्यापुढे उभे राहून किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. परंतु दिल्ली प्रत्यक्ष पाहिली ती सेवानिवृत्तीनंतर, मुलाकडे गेलो तेव्हा.

प्रथम लाल किल्ला पाहावा. शहाजहान बादशहाने इ. स. १६३९ मध्ये आरंभिलेले हे काम १६४८ मध्ये पूर्ण झाले. आतील दिवाण-इ-खास हा संगमरवरी दरबार म्हणजे त्याचे हृदयच. येथील मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये लुटून नेले. हे आम्ही नातीस सांगत असता तिने वर पाहून विचारले, "आजोबा, एवढ्या सुंदर दरबाराला छत मात्र लाकडाचे कसे?"

पूर्वी ते रुप्याचे होते, असे आम्ही म्हणालो. "मग तेही नादिरशहानेच नेले का?" हा तिचा पुढचा प्रश्न. क्षणभर आम्ही निरुत्तर झालो. ते छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरविले व त्याची नाणी पाडविली. स्वारीवरील अफाट सैन्य, थकलेले पगार आणि रिकामा खजिना अशा पेचात ते सापडले होते. पुढे काही महिन्यांतच, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. तेहतीस वर्षांत हा प्रसंग आम्ही वर्गात एकदाही सांगितला नव्हता. आपल्या माणसांची अडचण सांगावयासही संकोच वाटला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी मात्र नातीस सर्व सांगितले.

तसेच दुसरी बाजूही सांगितली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने ह्याच किल्ल्यात शहाआलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली सोडवून त्या अंध बादशहास पुन्हा गादीवर बसविले. १८०३ मध्ये लेकने पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि हा अध्याय संपला. पुढे १८५८ मध्ये बहादूरशहावर व १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले तेही ह्याच किल्ल्यात. १८५७ च्या उठावाची व आझाद हिंद सेनेची संग्रहालये आता तेथे आहेत. ती पाहावयास पुरेसा वेळ ठेवावा. किल्ला सोमवारी बंद असतो, हेही ध्यानात असावे.

त्यानंतर हुमायूनची कबर, जिच्या आश्रयास १८५७ मध्ये बहादूरशहा गेला होता. सुमारे ७३ मीटर उंचीचा कुतुबमिनार व त्याच्या आवारातील गुप्तकालीन लोहस्तंभ. आणि मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी जेथे आहे ते राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. अलीपूर मार्गावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले, त्या जागी २०१८ पासून राज्यघटनेच्या ग्रंथाच्या आकाराचे स्मारक उभे आहे. शेवटी गांधी स्मृतीत जावे. ३० जानेवारी १९४८ रोजी बापू ज्या वाटेने प्रार्थनेस निघाले, तेथे त्यांची पावले दगडात कोरली आहेत. त्या वाटेवर कोणी मोठ्याने बोलत नाही.

सर्वांस विनंती एवढीच की, दिल्लीस जाताना मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांचे प्रश्न टाळू नयेत. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण जो अभिमान सत्याला भितो, तो मुले मोठी होताच गळून पडतो. नातीने घरी परतल्यावर आपल्या वहीत दोन्ही हकिकती शेजारी शेजारी लिहिल्या. आमच्या तेहतीस वर्षांच्या टिपणांत जे पान नव्हते, ते तिच्या वहीत आहे, ह्यात आम्हांस समाधान आहे.