नळापासून समुद्रापर्यंत : लेकरांचा भूगोल

बजाजनगरमधून आम्ही बचत गटाच्या बाया तुमच्याशी बोलतोय. लहान लेकरांना भूगोल कसा सांगायचा, हा आजचा विषय. तो शाळेचा वाटतो खरा, पण त्याचा इतिहास आपल्या घरातूनच सुरू होतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी नकाशा पाहिला नव्हता. तरी जात्यावरच्या ओव्यांत पंढरीची वाट होती, नद्या होत्या, माहेरचं गाव होतं. मांडीवरचं लेकरू ते ऐकत मोठं व्हायचं. मात्र शाळेतला भूगोल मुलींच्या वाट्याला येत नव्हता. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांत गणित, व्याकरणाबरोबर भूगोलही शिकवत. माहेर आणि सासर एवढंच जग माहीत असलेल्या मुलींसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

पुढे शाळा वाढल्या, पण भूगोल बहुतेक ठिकाणी पाठांतराचा झाला. राजधान्या पाठ, नद्या पाठ; आणि आपल्या शिवारातला ओढा कुठं जातो, ते ठाऊक नाही.

ही रीत बदलण्याचं मोठं काम दोन बायांनी केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. नंतर ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांजवळ नेलं. लेकरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. महागडी खेळणी नव्हती. खडे, पानं, शिंपले, माती हीच साधनं. लेकराला जे दिसतं, जे हाताला लागतं, तिथून शिकवायचं, हे त्यांचं सूत्र. सरकारनं १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्यात अंगणवाडी हेच नाव देशभर पोचलं.

आता आपल्या बजाजनगरकडे येऊ. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. वडगाव कोल्हाटीच्या शिवारात वसाहत वाढली. कुणी जालन्याहून आलं, कुणी बीड-परभणीहून, कुणी पार बिहारहून. त्यामुळे इथल्या लेकरांची मोठी पंचाईत होते. गावी गेलं की त्यांना म्हणतात, "हे शहरातलं." इथं विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" लेकराला दोन्हीकडचं नीट सांगता येत नाही. बाजारात चुकलं तर पत्ताही सांगता येत नाही. म्हणून भूगोल हा मार्कांपुरता नाही. आपण कुठले आणि कुठं आहोत, हे लेकराला कळण्याची ती वाट आहे.

मग सुरुवात कुठून करायची? नळापासून करा. विचारा, "हे पाणी कुठून आलं?" औद्योगिक वसाहतीला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्या नाथसागरासाठी शंभराहून जास्त गावांच्या लोकांना जमिनी, घरं सोडावी लागली. हेही लेकरांना सांगा. पाण्याची किंमत त्यांना त्यातून कळते, आणि आपल्यासारखं गाव सोडावं लागलेले लोक आधीही होते, हेही कळतं.

धरणात पाणी येतं गोदावरीचं. ती नाशिककडे त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि सूर्य उगवतो त्या बाजूला वाहत जाऊन सुमारे १,४६५ किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. वाळूजजवळून वाहणारी खाम नदीही गोदावरीलाच जाते. अंगणात मातीचा ढीग करा, वरून तांब्याभर पाणी ओता. डोंगर, उतार, नदी, संगम, सगळं लेकरू डोळ्यांनी बघतं.

दिशा शिकवायच्या तर आषाढीचा दिवस धरा. नगर रस्त्यावर आपलं छोटं पंढरपूर आहे, आणि दुसरं भीमेकाठचं, सोलापूर जिल्ह्यातलं. एकाच नावाची दोन ठिकाणं! मग लेकरू आपोआप विचारतं, कोणतं जवळ, कोणतं लांब, तिकडे कसं जायचं? असं झालं की पुस्तकातला नकाशा त्याला परका वाटत नाही.

तर या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक करून बघा. लेकरांना सोबत बसवा. खडूनं फरशीवर आपलं घर, गल्ली, अंगणवाडी, दवाखाना, बसथांबा काढा. मग प्रत्येकीनं आपलं गाव कोणत्या दिशेला आहे, तिथं कोणती नदी आहे, ते सांगायचं. शिक्षण किती झालं, हा प्रश्न नाही. आपण जी वाट चालून इथवर आलो, ती आपल्याला पाठ आहे. तीच लेकरांना सांगायची आहे.