जायबंदींची यादी : एक शब्द आणि काही आकडे

नियमांची भाषा निर्विकार असते असे म्हणतात. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमधील एका यादीचा इतिहास पाहता आम्हांला तसे वाटत नाही. जायबंदी खेळाडूचे नाव या यादीत गेले की २६ जणांच्या संघात त्याच्या जागी दुसरा घेता येतो. ६० दिवसांच्या यादीत गेले तर ४० जणांच्या विस्तृत यादीतही जागा मोकळी होते.

२०१८ च्या हंगामापर्यंत तिचे नाव ‘अपंगांची यादी’ अशा अर्थाचे होते. अपंग माणूस खेळू शकत नाही हा गैरसमज त्यातून दृढ होतो, असा आक्षेप अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी घेतला आणि २०१९ मध्ये ‘अपंग’ जाऊन ‘जायबंदी’ आले.

आकड्यांची कथा वेगळी. किमान मुदत २०१७ मध्ये १५ दिवसांवरून १० वर आली. दमलेल्या पिचरला किरकोळ दुखापतीच्या निमित्ताने विश्रांती देणे संघांना सोपे झाले. २०२२ मध्ये पिचरांसाठी पुन्हा १५ दिवस ठरले.

डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये रुजवलेल्या काल्पनिक संघांच्या खेळातही हीच यादी निर्णायक ठरते. यादीत गेलेल्यासाठी तेथे बहुधा राखीव जागा असते. दुखावलेला, पण यादीत न गेलेला खेळाडू मात्र जागा अडवून बसतो. मग त्या संघाचा मालक त्याच्या बरे होण्याची नव्हे, यादीत जाण्याची वाट पाहतो. नाव बदलून शब्दातील अन्याय दूर झाला. ही नजर बदलणे नियमाच्या आवाक्यातले नाही.