श्रेणी, रेषाखंड आणि विग्रहगती



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दुसऱ्या दिवशीच्या अध्यायात विग्रहगतीची सूत्रं येतात. मरणानंतर जीव नव्या जन्मस्थानी कसा जातो, हे आचार्य उमास्वामींनी तिथे सांगितलं आहे. मुलांच्या पुस्तकातली भूमिती तिथे आधीपासूनच आहे.

पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी टीकेत श्रेणीचा अर्थ दिला आहे. लोकाच्या मध्यापासून वर, खाली आणि आडवे असे क्रमाने मांडलेले आकाशप्रदेश, त्यांची ओळ म्हणजे श्रेणी. जीव ही ओळ सोडून तिरका जात नाही. म्हणून त्याचा मार्ग सरळ रेषाखंडांचा होतो आणि दिशा बदलायची तर वळण, म्हणजे विग्रह, घ्यावा लागतो.

आता आपली खोली बघा. एक मुंगी जमिनीच्या कोपऱ्यातून निघाली आणि तिला समोरासमोरचा छताचा कोपरा गाठायचा आहे. ती भिंतीच्या कडेने सरळ गेली, वळून दुसऱ्या भिंतीच्या कडेने गेली, मग उभ्या कडेने वर चढली. तीन रेषाखंड, दोन वळणं. यातला पहिला आणि तिसरा रेषाखंड कितीही वाढवा, ते भेटणार नाहीत, आणि ते समांतरही नाहीत. एकाच प्रतलात न बसणाऱ्या अशा रेषांना कॉलेजात स्क्यू लाइन्स म्हणतात. दोन वळणांची गरज पडते ती यामुळेच: मधला रेषाखंड त्या दोघांना जोडतो.

८ व्या शतकातल्या अकलंक आचार्यांच्या राजवार्तिकात या गतींची नावं आहेत. वळण नसलेली ती इषुगती, बाणासारखी. एका वळणाची पाणिमुक्ता, दोन वळणांची नांगरासारखी लांगलिका, तीन वळणांची गोमूत्रिका. तिसरं वळण लागतं ते लोकाच्या अगदी कोनाकोपऱ्यातल्या जागी जन्म घ्यायचा असेल तर. वेळ अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार समय. त्याहून जास्त नाही. आणि एका आवलीतही असंख्यात समय असतात!

हे कळणं घरासाठी महत्त्वाचं आहे. कुणी गेलं की जीव दहा दिवस उंबऱ्याशी घुटमळतो, उपाशी राहतो, असं आपल्या कानावर येतं आणि दुःखात भीतीची भर पडते. इतरांच्या रीतीला नावं ठेवू नयेत. पण आपल्या आचार्यांचं गणित सांगतं की आपण पहिला हुंदका देण्याआधीच तो जीव आपल्या नव्या ठिकाणी पोहोचलेला असतो. त्याच्यासाठी घास ठेवायची काळजी नको. तो वेळ णमोकार मंत्राला, स्वाध्यायाला आणि मागे राहिलेल्या माणसांना द्यावा.

सिद्ध होणाऱ्या जीवाला तर एकही वळण नाही. एक समय, सरळ वर.

यंदा दुसऱ्या अध्यायाच्या दिवशी मुलींना शेजारी बसवा आणि खोलीचे कोपरे दाखवून ही सूत्रं समजावा.

जय जिनेंद्र.