जीप उचलताना...

१९४९ च्या सुमारास महिंद्राने मुंबईत, माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपचे पाटे ॲक्सलच्या खाली असायचे. नागपूरच्या हौशी मंडळींना उंच जीप हवी असेल तर जुना उपाय सोपा: पाटे ॲक्सलच्या वर बसवा!

पण खरी गोम पुढेच आहे. चेसिस वर जाते, चाकांकडे जाणारे स्टिअरिंग रॉड तिरके होतात. मग खड्ड्यात ॲक्सल हलला की स्टिअरिंग न फिरवताही चाकं वळतात. म्हणून नवे आर्म, नवे रॉड घडवायचे. त्यातलं एक वेल्डिंग सुटलं, की खेळ खलास.

२०१९ साली सुप्रीम कोर्टाने बजावलं, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. हौसेवर पाणी पडलं खरं. पण समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला आपलं वेल्डिंग कुठे दिसतं?