नेम आणि आनंद : मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याची एक बाजू

मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे: या काव्याने वारकरी परंपरेकडून काय उसने घेतले? या प्रश्नात रचनाबंध हे पात्र आणि ख्रिस्ती आशय हा त्यात ओतलेला द्रव, असे गृहीत धरलेले असते. परंतु भक्तिपरंपरेत ओवी किंवा अभंग हे निव्वळ पात्र नाही, तो नेम आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत, समुदायासह केलेला उच्चार म्हणजेच साधना. आणि ईश्वरविषयक आनंद हा तिच्याआधी असणारा भाव नसून तिच्यातून हळूहळू घडणारी अवस्था आहे. या दृष्टीने दोन कालखंड ताडून पाहणे उद्बोधक ठरते.

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जेझुइट म्हणून त्याची घडण इग्नेशियसच्या, 1548 साली पोपची मान्यता मिळालेल्या, ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या शिस्तीत झाली होती. त्या शिस्तीत आंतरिक सांत्वन हे ईश्वराचे देणे आहे. साधकाने नियमित चिंतनाने केवळ स्वतःला सिद्ध ठेवायचे असते. ओवीची तीन सयमक चरणे आणि अखेरचे आखूड चरण यांची आवर्तने अशा चिंतनाला सहज मानवतात. मात्र हे पुराण ज्या साष्टीत वाचले जाणार होते, तेथील जुनी देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती आणि जुन्या पुराणांवर बंदी होती. श्रवणाचा जो आनंद काढून घेतला गेला, त्याचीच जागा नव्या पुराणाने भरायची होती. येथे नेम साधकाचा असला, तरी त्याची चौकट सत्तेने आखलेली होती.

तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांपुढे (1861–1919) हाच पेच निराळ्या रूपात उभा राहिला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्यरत होते. तेथील उपासनेची घडण पाश्चात्त्य होती. अनुवादित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. टिळकांनी भजन, कीर्तन आणि अभंग उपासनेच्या मध्यभागी आणू पाहिले, ते केवळ देशी पेहरावासाठी नव्हे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या बांधणीत तुकोबांनी जी आर्तता नित्याच्या उच्चारात मुरवली होती, तिच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो अशी त्यांची धारणा होती. म्हणून ‘अभंगांजली’तील ख्रिस्त माउली होतो, सखा होतो, आणि तेथील आनंद अद्वैतातील लयाचा नसून सहवासाचा आहे. भक्त आणि देव वेगळे राहतात, म्हणूनच नित्य भेटीला अर्थ उरतो.

1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. टिळकांनी येथे शिस्त झुगारली, असा अर्थ काढणे सोपे आहे. पण तो बरोबर नाही. त्यांनी संस्थेची शिस्त सोडली आणि संन्यस्त जीवनाचा अधिक कठोर नेम पत्करला. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले व ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाने टिळकांच्या आनंदाला निरागस उत्स्फूर्ततेचे रूप दिले आणि त्यामागील परिश्रम झाकून टाकले. त्यांच्या भक्तिकवितेतील प्रसन्नता ही स्वभावाची देणगी नसून सरावाचे फलित आहे, हे मान्य केले तर समीक्षेला वेगळा प्रश्न विचारावा लागेल: हा नेम कोणी ठरवला, आणि तो पाळणाऱ्याच्या वाट्याला किती स्वातंत्र्य आले? स्टीफन्सच्या श्रोत्यांपासून टिळकांच्या दरबारापर्यंतचा मराठी ख्रिस्ती आनंदाचा इतिहास या प्रश्नाखेरीज लिहिता येणार नाही.